वानखेडेवरचा एक रविवार

शेवगावला रेल्वे नाही. अमरापूर, तिसगाव, करंजीचा घाट असं करत एस.टी.ने नगर गाठायचं आणि तिथून पुढे मुंबई म्हणजे आणखी अर्धा दिवस. त्यामुळे आमच्याकडे क्रिकेट पाहायचं ते टीव्हीवर, नाहीतर दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर. आंतरराष्ट्रीय सामना मैदानात बसून पाहिलेलं माणूस आमच्या ओळखीत तरी नव्हतं. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे नवरा-बायको आणि आमची दोन मुलं वानखेडे स्टेडियमवर भारत-न्यूझीलंड कसोटी पाहून आलो. परत आल्यापासून शेजारीपाजारी, नातेवाईक विचारतात, "कसं वाटलं?" एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. दोघांनी मिळून लिहिलं आहे. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने खोडायचं, या पद्धतीने.

आधी जाण्याचं कारण सांगतो. आमचा थोरला तेरा वर्षांचा, आठवीत शिकतो आणि डावखुरा आहे. लहानपणी तो डाव्या हाताने घास उचलायचा, तेव्हा त्याच्या दादीने त्याच्याशी तह केला होता: जेवण उजव्या हाताने, बाकी काय करायचं ते डाव्याने कर. त्याने बाकीचं म्हणजे क्रिकेट धरलं. आधी तो जोरात पळत येऊन बॉल टाकायचा. मग ४ डिसेंबर २०२१ चा शनिवार आला. वानखेडेवरच भारत-न्यूझीलंड कसोटी चालू होती आणि एजाज पटेल नावाच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने भारताच्या डावातले दहाच्या दहा गडी एकट्याने बाद केले, ११९ धावांत. कसोटीच्या इतिहासात हे करणारा तो तिसरा. पहिला इंग्लंडचा जिम लेकर, १९५६ साली मँचेस्टरला. दुसरा आपला अनिल कुंबळे, १९९९ साली दिल्लीला. सामना भारताने ३७२ धावांनी जिंकला, पण आमच्या घरात चर्चा एजाजचीच झाली. दुसऱ्या दिवसापासून थोरल्याने पळत येणं सोडलं आणि चार पावलांत फिरकी टाकायला लागला.

एजाजची हकीकत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. जन्म मुंबईचा, १९८८ चा. लहानपण जोगेश्वरीत गेलं. १९९६ साली आई-वडील न्यूझीलंडला गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तिकडे तो आधी वेगवान गोलंदाजीच करायचा, विशीत आल्यावर फिरकीकडे वळला. ज्या वयात खेळाडूंना निवृत्तीची स्वप्नं पडायला लागतात त्या वयात, म्हणजे तिशीत, २०१८ साली त्याला पहिली कसोटी मिळाली. अबूधाबीला पाकिस्तानविरुद्ध त्याने शेवटच्या डावात पाच बळी घेतले आणि न्यूझीलंडने चार धावांनी सामना जिंकला. न्यूझीलंडच्या खेळपट्ट्या फिरकीला फारशी साथ देत नाहीत, त्यामुळे मायदेशात त्याला संधी कमीच. सब्र कशाला म्हणतात हे मुलांना समजावायला आम्हाला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

तर हाच एजाज पुन्हा वानखेडेवर खेळणार होता, १ नोव्हेंबरपासून. मालिकेतल्या बंगळुरू आणि पुण्याच्या दोन्ही कसोट्या भारत हरला होता. मुंबईत असलेल्या भाच्याने मोबाइलवर तिसऱ्या दिवसाची, रविवारची तिकिटं काढून ठेवली. आमचं शिलाईचं दुकान आहे. दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत मशीनवरून पाय हलत नाही. पण लक्ष्मीपूजन झालं की दुकान थंड. शाळेला सुट्टीच. अशी संधी वर्षातून एकदाच येते.

सासूबाईंना मात्र हे पटत नव्हतं. "घर में टीव्ही है ना, कायकू जाते इत्ते लांब?" त्या दोन-तीनदा म्हणाल्या. त्यांची काळजी प्रवासाची नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्यांनी ते शब्दांत सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. वाचकांपैकी अनेकांच्या घरात ही न बोललेली काळजी असेल, म्हणून इथे थोडं स्पष्ट लिहितो.

१४ ऑक्टोबर २०२३ ला विश्वचषकात भारताने अहमदाबादला पाकिस्तानला हरवलं. आमच्या घरी त्या रात्री जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला मैदानावर गेला, तेव्हा त्याच्याबरोबर खेळणाऱ्या एका मुलाने हसत हसत म्हटलं, "काय रे, काल तुमची टीम हरली." म्हणणारा मुलगा वाईट नाही. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला येतो, दोन वाट्या पितो. त्याने कुठेतरी ऐकलेलं वाक्य पुढे टाकलं, एवढंच. थोरल्याने हे आम्हाला आठ दिवसांनी सांगितलं, तेही त्याची बहीण चुकून बोलून गेली म्हणून. त्यानंतर त्याने ईदीचे साठवलेले पैसे काढून भारतीय संघाची निळी जर्सी घेतली. तेव्हापासून भारताचा सामना असला की तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडतो. चौकार गेला की गल्लीत बाहेर जाऊन ओरडतो. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतो. तो आनंदाने ओरडतो आहे की कुणाला तरी ऐकू जावं म्हणून, हे सांगता येत नाही.

आमच्या पिढीला हे नवं नाही. आणि हे फक्त गल्लीत घडतं असंही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून हरला, तेव्हा मोहम्मद शमीला समाजमाध्यमांवर काय काय ऐकावं लागलं, ते सगळ्यांना आठवत असेल. हेही आठवत असेल, की कर्णधार विराट कोहली पत्रकारांसमोर बसून त्याच्या बाजूने ठामपणे बोलला. आणि दोन वर्षांनी त्याच शमीने विश्वचषकात सगळ्यांत जास्त, २४ बळी घेतले.

असो. शनिवारी, पाडव्याच्या दिवशी पहाटे फजरनंतर निघालो. शेजारच्या वहिनींनी प्रवासात खायला चकल्या आणि चिवड्याचा डबा दिला. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट, लहान मुलांनाही अर्धं. तिकीट पूर्ण लागलं ते अब्बू आणि थोरला या दोघांनाच, आणि ती गोष्ट धाकटीने प्रवासभर दोघांना ऐकवली. नगरला गाडी बदलली. टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, मग माळशेज. गाडीत भाऊबीजेला निघालेल्या लेकी-सुना, मांडीवर मुलं, पायाशी फराळाचे डबे. निम्म्या गाडीच्या कानाला मोबाइल आणि सामन्याची चर्चा. भारताने पहिल्या डावात २६३ केल्या, शुभमन गिलच्या ९० आणि ऋषभ पंतच्या ६०. न्यूझीलंडवर २८ धावांची आघाडी. एजाजचे पाच बळी. दुसऱ्या डावात जडेजा आणि अश्विन न्यूझीलंडला गुंडाळत होते.

वाटेत मुलांना झहीर खानची गोष्ट सांगितली. झहीर आपल्याच जिल्ह्यातला, श्रीरामपूरचा. तिथल्याच शाळांत शिकला आणि सतराव्या वर्षी क्रिकेटसाठी मुंबईला गेला. सुधीर नाईक यांनी त्याला घडवलं. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा झहीरने सुरुवातीची सलग तीन षटकं निर्धाव टाकली होती. त्या स्पर्धेत त्याचे २१ बळी झाले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वांत जास्त. आणि ज्या खेळपट्टीवर तो खेळला ती तयार करणारेही सुधीर नाईकच होते. थोरला त्या वेळी जन्मायचा होता. "म्हणजे मीपण मॅच पाहिली," तो म्हणाला. अम्मीच्या पोटातून पाहिली, हे धाकटीने मान्य केलं नाही.

कल्याणला उतरून लोकलने मुंब्रा गाठलं. तिथे मुलांच्या खालाचं घर. रात्री दस्तरखानावर एकच विषय. न्यूझीलंडचे नऊ गडी १७१ वर बाद झाले होते. म्हणजे भारताला दीडशेच्या आत धावा करायच्या होत्या. खालाचे मियाँ म्हणाले, "उद्या जेवणाआधी मॅच संपेल. तुमचे पैसे वाया." थोरला म्हणाला, "लवकर जिंकलो तर वाया कसे?"

रविवारी सातच्या आत लोकल धरली. भाऊबीजेची गर्दी दादरच्या पुलावर अशी होती की धाकटीला उचलून घ्यावं लागलं. दादरला गाडी बदलून चर्चगेट. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत हे आधीच कळलं होतं, त्यामुळे हात मोकळे ठेवून गेलो होतो. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तपासणी झाली, जिना चढलो, आणि समोर एकदम हिरवंगार मैदान उघडलं. टीव्हीवर मैदान मोठं वाटतं. प्रत्यक्षात ते लहान आणि फार जवळ वाटलं. थोरला दोन मिनिटं काहीच बोलला नाही.

आमच्या शेजारी एक सत्तरीतले काका बसले होते, दादरहून आलेले. मांडीवर एक जाड वही, कानाला पेन्सिल. ते प्रत्येक बॉल वहीत लिहीत होते. थोरल्याने वाकून पाहिलं तशी त्यांनी वही त्याच्याकडे सरकवली. "बघ. टिंब म्हणजे धाव नाही. डब्ल्यू म्हणजे विकेट. दोन पानं समोरासमोर, एक यांचं, एक त्यांचं." वानखेडेवरची पहिलीच कसोटी त्यांनी पाहिली होती, जानेवारी १९७५ मध्ये, वेस्ट इंडीजविरुद्ध. "लॉइडने २४२ मारल्या, नाबाद. आपल्याला धुऊन काढलं. पण काय मारल्या होत्या!" पन्नास वर्षांपूर्वीच्या पराभवाची आठवण सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता.

न्यूझीलंडचा शेवटचा गडी लगेच गेला, तो एजाजच होता. सगळे १७४. जडेजाचे पाच. भारताला हव्या होत्या १४७. आजूबाजूला लोक घरी परतायच्या लोकलचं ठरवायला लागले.

पुढे जे झालं ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. रोहित शर्मा ११ वर गेला. मग एजाजने आत येणारा बॉल टाकला, गिलने तो सोडला आणि त्रिफळा उडाला. कोहली १ धाव करून स्लिपमध्ये झेल देऊन परतला. जैस्वाल पायचीत. मग सर्फराज खान आला. मुंबईचा पोरगा, घरचं मैदान. स्टँडमधून त्याच्या नावाचा एकच गजर सुरू झाला. सर्फराज थोरल्याचा लाडका. फेब्रुवारीत राजकोटला त्याला कसोटीची टोपी मिळाली, तेव्हा त्याचे वडील नौशाद खान तिथे रडत उभे होते. त्यांच्या अंगातल्या कपड्यावर लिहिलं होतं की क्रिकेट हा सर्वांचा खेळ आहे. 'सभ्य गृहस्थांचा' हा शब्द खोडून 'सर्वांचा' केलेला. ते चित्र आमच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. सर्फराजने एक धाव केली आणि एजाजच्या फुलटॉसवर सीमारेषेजवळ झेल दिला. पाच बाद २९.

स्टेडियम असं गप्प झालं की पलीकडून जाणाऱ्या लोकलचा आवाज ऐकू आला.

आणि त्या शांततेत धाकटीने विचारलं, "अब्बू, टाळी वाजवू का? एजाज आपला आहे ना?"

नऊ वर्षांच्या मुलीचा आवाज, पण आम्हाला तो लाऊडस्पीकरवरून आल्यासारखा वाटला. 'आपला' म्हणजे तिला म्हणायचं होतं, आपल्या घरात ज्याची गोष्ट सांगतात तो. भाईजान ज्याच्यासारखा बॉल टाकतो तो. पण हा शब्द दुसऱ्या कुणी दुसऱ्या अर्थाने ऐकला तर? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिच्या अम्मीने सांगितलं, "चांगला बॉल असेल तर वाजव." तिने वाजवली. थोरला तिच्याकडे बघेना. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. त्याच्या गालांवर सकाळी खालाच्या मुलीने काढलेले दोन तिरंगे होते. ज्या गोलंदाजामुळे तो फिरकी टाकायला लागला तो त्याच्यासमोर, शंभर पावलांवर, जगात कुणी टाकत नसेल असे बॉल टाकत होता आणि हा पोरगा हात दाबून बसला होता.

काका मात्र प्रत्येक चांगल्या बॉलला तीन टाळ्या वाजवत होते, मोजून तीन, आणि मग वहीत लिहीत होते. थोरल्याने बराच वेळ ते पाहिलं. शेवटी विचारलं, "काका, तुम्ही त्यांच्यासाठी टाळ्या का वाजवता?"

"त्यांच्यासाठी कुठे? बॉलसाठी वाजवतो. शिव्या द्यायच्या तर आपल्या बॅट्समनना देईन. सोडतात काय बॉल! तो काय करणार बिचारा? आपला जोगेश्वरीचाच आहे तो."

"मग तुम्हाला कोणी काही म्हणत नाही?"

काकांना प्रश्न कळलाच नाही. ते हसले. "मला कोण काय म्हणणार?"

त्यांनी पेन्सिल पुन्हा कानाला लावली. आम्ही दोघे मैदानाकडे पाहत राहिलो. काका भले माणूस. त्यांच्या उत्तरात काही खोट नव्हती. पण सत्तर वर्षं ज्याला हा प्रश्न पडलाच नाही तो माणूस आणि तेराव्या वर्षी ज्याला तो पडला तो मुलगा, एकाच बाकावर बसले होते. मुंबई पाहायला गेलो होतो. त्या दोन वाक्यांत आम्ही जे पाहिलं ते शेवगावात कधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

मग पंतने मारायला सुरुवात केली आणि सगळे पुन्हा माणसांत आले. त्याने न्यूझीलंडच्या फिरकीला असं झोडपलं की जेवणाच्या वेळी सहा बाद ९२ असूनही लोक भारताच्या विजयाच्या पैजा लावत होते. थोरल्याचा घसा बसला. जेवणानंतर पंत ६४ वर होता. एजाजच्या बॉलवर झेलाचं अपील झालं, मैदानावरच्या पंचांनी नाबाद दिलं, न्यूझीलंडने दाद मागितली आणि तिसऱ्या पंचांनी बाद ठरवलं. बॅट बॉलला लागली की पॅडला, यावर आमच्या रांगेत चार मतं झाली. पंत गेल्यावर सगळं भराभर संपलं. शेवटी वॉशिंग्टन सुंदरचा त्रिफळा उडाला. सर्वबाद १२१. न्यूझीलंड २५ धावांनी जिंकलं. तीन किंवा जास्त कसोटींच्या मालिकेत मायदेशात भारत सगळ्या कसोट्या हरला, असं आधी कधीच झालं नव्हतं.

एजाजचे दुसऱ्या डावात सहा, सामन्यात अकरा. वानखेडेवरच्या दोन कसोटींत मिळून पंचवीस. इयान बॉथमचे इथले बावीस बळी मागे पडले. आमच्या आसपास काही लोक चिडून उठून गेले, काहींनी खेळाडूंची नावं घेऊन राग काढला. आणि बरेच जण, काकांसकट, उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी बाकावर चढून वाजवत होती. थोरला उभा राहिला, पण हात त्याने बाजूलाच ठेवले. आम्ही त्याला काही म्हटलं नाही. टाळी सांगून वाजवून घ्यायची गोष्ट नाही.

दुपार मोकळी मिळाली. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून उरलेल्या चकल्या खाल्ल्या. पाठीमागे, रस्त्यापलीकडे, जिमखान्यांची ओळ आहे: हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना. धाकटीने पाट्या वाचल्या आणि विचारलं, "क्रिकेटची पण वेगवेगळी घरं असतात?"

मग त्यांना जुनी गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या काळात मुंबईत संघच धर्माप्रमाणे असायचे. युरोपियन, पारशी आणि हिंदू संघ आधीपासून खेळत होते. १९१२ साली मुस्लिम संघ आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ साली उरलेल्यांचा पाचवा संघ येऊन ती पंचरंगी झाली. गांधीजींनी १९४० साली अशा स्पर्धेविरुद्ध मत दिलं आणि १९४६ मध्ये ती बंद पडली. हिंदू संघाचा सगळ्यांत मोठा गोलंदाज पळवणकर बाळू. तोही डावखुरा फिरकी टाकणारा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण तो चर्मकार समाजातला, म्हणून पुण्यात खेळताना त्याच्याच संघातले लोक त्याला चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते पुढे त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ साली मिळालं आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला.

थोरल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे त्याला त्याच्याच टीममध्ये सिद्ध करावं लागायचं."

"हो."

"किती विकेट घेतल्यावर पुरे व्हायचं?"

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. समुद्राकडे बघत बसलो. नंतर रात्रभर आम्ही दोघे त्यावर बोललो, आणि जे सुचलं ते वाचकांसमोर ठेवतो. आपलं देशावर प्रेम आहे हे मुलांना माहीत असतं. ते त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. झहीर श्रीरामपूरचा म्हणून छाती फुगते, पंत बाद झाला की डोळ्यांत पाणी येतं, हे कुणी सांगून होत नाही. पण ते प्रेम रोज दाखवून द्यावं लागतं असं मुलाच्या मनात बसलं, की त्याचा खेळातला आनंद हळूहळू आटतो. तो सामना पाहत नाही, तो पाहणाऱ्यांकडे पाहतो. ज्याला घर आपलं आहे याची खात्री असते, तोच दारात आलेल्या पाहुण्याचं मोकळ्या मनाने कौतुक करतो. म्हणून मुलांना घरात ही खात्री द्यायला हवी, रोजच्या बोलण्यातून, सामना संपल्यावरही. त्या काकांनी जितक्या सहज म्हटलं, "मला कोण काय म्हणणार?", तितक्याच सहज आमच्या मुलालाही कधीतरी म्हणता यावं, एवढीच आमची दुआ आहे.

मुंब्र्याला परतून असरच्या आधी जोहर अदा केली, मुसाफिराची कसर. सोमवारी सकाळी परतीची एस.टी. धरली. जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आणखी: कसोटीचं तिकीट काढायचं तर पहिल्या दोन-तीन दिवसांचंच काढावं, कारण हल्ली पाचवा दिवस क्वचितच उजाडतो. आणि मुंबईत नातेवाईक असतील तर त्यांच्याकडेच उतरावं. खर्च निम्मा होतो आणि खालाच्या हातची बिर्याणी वेगळी मिळते.

घरी पोहोचल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "सब ठीक?" "ठीक," आम्ही म्हणालो. मग त्यांनी थोरल्याला विचारलं, "हार गए ना? फिर?" तो म्हणाला, "दादी, एजाजने काय बॉल टाकला गिलला, बघायला पाहिजे होतं." आणि उठून, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, डाव्या हाताने तो बॉल कसा पडला ते दाखवायला लागला. चौघांसमोर, घरातच, पण हात मोकळे.

आता त्याने एक शंभर पानी वही केली आहे. आखून घेतलेली, दोन पानं समोरासमोर, एक यांचं, एक त्यांचं. शाळेच्या मैदानावर टेनिस बॉलचे सामने होतात तेव्हा स्वतःची खेळी संपली की तो कडेला बसून लिहितो. धावांवरून भांडण झालं की दोन्हीकडची पोरं त्याच्याकडे येतात, कारण तो दोन्ही पानं सारखी लिहितो. मागच्या आठवड्यात समोरच्या संघातल्या एकाने पाच विकेट घेतल्या. त्यात एक विकेट थोरल्याचीच होती. त्याने त्या मुलाच्या नावाखाली लाल पेनाने दोन रेघा ओढल्या आहेत. हा तोच मुलगा, जो ईदला दोन वाट्या शीरखुर्मा पितो.